सुगडाचं कार्ड: जलरंगात शुभेच्छापत्र करायला शिकताना

पहिलं कार्ड करायला बसण्याआधी एक कागद मुद्दाम वाया घालवा. त्यावर पाणी सांडा, रंग सोडा, ओल्यात ओला रंग मिसळू द्या, अर्धवट वाळलेल्या डागावर पुन्हा पाण्याचा थेंब टाका आणि काय काय होतं ते बघत बसा. मला हे सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करताना कागद जपून वापरायची सवय लागली होती, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं कोरा कागद समोर आला की हात आखडायचा. तो मोकळा झाला शुभेच्छापत्रांमुळे. कार्ड लहान असतं, तासाभरात होतं आणि बिघडलंच तर अर्धा ए-फोर कागद जातो.

मी कार्डं करते ती संक्रांतीची. आमच्या घरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पोस्टमन रोज दोन-चार पाकिटं टाकून जायचा. आत तिळगुळाचं कार्ड आणि कागदाच्या पुडीत हलव्याचे चार दाणे. आत्याच्या पाकिटातला हलवा आम्ही भावंडं मोजून वाटून घ्यायचो. आता सकाळी सहापासून मोबाइलवर तीच ती चित्रं येऊन आदळतात आणि दुपारपर्यंत पुसलीही जातात. हातानं केलेलं कार्ड पोस्टानं आलं तर माणूस ते फ्रिजवर, देवघरात, कपाटाच्या आत कुठेतरी लावून ठेवतो. म्हणून या लेखात एकच कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत करू: एक सुगड आणि त्याच्या तोंडाशी बोरं. सुगड निवडण्याचं कारण आहे. त्याचा आकार साधा, कुंभाराकडचं खरं सुगडही थोडं वाकडंच असतं आणि त्याचा रंग दोन ट्यूबांतून तयार होतो.

काय आणायचं

पैसे खर्च करायचेच असतील तर कागदावर करा. रंग आणि ब्रश स्वस्तातले चालतात, कागद चालत नाही. दुकानात ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस्ड (म्हणजे किंचित खरबरीत) जलरंगाचा कागद मागा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला कागद याच्या निम्म्यानंही भरत नाही, म्हणून तो पाणी लागताच पापडासारखा वळतो आणि ब्रश दोनदा फिरवला की त्याचा भुसा निघतो. शंभर टक्के सुती कागद उत्तमच, पण महाग. शिकताना साधा लगद्याचा, पण ३०० जीएसएमचाच घ्या.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० साली सुरू झालेली. सुती चिंध्यांपासून केलेल्या अशा हातकागदाची खरबरीत कड कार्डाला फार शोभते. फक्त प्रत्येक हातकागद जलरंगाला चालेलच असं नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब थोडा वेळ टपोरा राहिला तर रंगवा. टीपकागदासारखा लगेच प्यायला गेला तर तो कागद पाकिटासाठी आणि मजकुराच्या पट्ट्यांसाठी ठेवा.

रंगांच्या चार ट्यूब आणि एक बाटली पुरते: पिवळा (गँबोज किंवा लेमन), क्रिमझन लेक (गडद लाल), अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली. कॅमलचे विद्यार्थ्यांसाठीचे रंग या कामाला पुरेसे आहेत. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या त्या उद्योगानं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या हाताला पहिला रंग लावला आहे, त्यामुळे त्या डबीविषयी मला माया आहे. काळा रंग घेऊ नका, तो आपण करू.

गोल टोकाचे दोन सिंथेटिक ब्रश, ८ नंबर आणि २ नंबर. पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि दुसरा स्वच्छ पाणी घ्यायला. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा. रंग कालवायला पांढरी चिनी मातीची बशी, कारण रंगीत किंवा स्टीलच्या ताटलीत खरी छटा कळत नाही. मास्किंग टेप, पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कटर आणि संपलेलं बॉलपेन. हे शेवटचं फेकू नका.

कापणं आणि घडी

ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. तो मध्ये कापला की दोन ए-फाइव्ह तुकडे मिळतात. प्रत्येक तुकड्याला मध्यावर घडी घातली की १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि ते ११४ गुणिले १६२च्या तयार पाकिटात नीट बसतं.

जाड कागदाला नुसती बोटानं घडी घातली तर तो कण्याशी फाटल्यासारखा तडकतो. घडीच्या रेषेवर पट्टी धरून संपलेलं बॉलपेन दाबून दोनदा ओढा. खाच पडते. मग घडी घाला आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासा. ज्या बाजूला खाच पाडली ती बाजू घडीच्या बाहेर यायला हवी. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, एका रद्दी तुकड्यावर करून पाहिलं की पटतं.

रंगवण्याआधी खाच पाडून ठेवा, पण घडी घालू नका. कार्ड सपाट असतानाच चारही कडांनी मास्किंग टेपनं पाटाला किंवा जुन्या पुठ्ठ्याला चिकटवा. टेप आधी कपड्याला एकदा लावून काढा म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि शेवटी कागदाची साल निघत नाही. अगदीच नवखे असाल तर आणखी सोपा मार्ग आहे: ९ गुणिले १३ सेंटिमीटरच्या वेगळ्या तुकड्यावर चित्र काढा आणि ते घडीच्या कार्डावर चिकटवा. चित्र बिघडलं तरी कार्ड शाबूत राहतं. मी अजूनही निम्मी कार्डं अशीच करते.

रंगवायला घेतल्यावर

पेन्सिल हलकी चालवा. सुगडाचं तोंड म्हणजे चपटा लंबगोल. त्याच्या दोन टोकांना टोक येऊ देऊ नका, ती गोलच असतात. खाली फुगीर पोट, बूड थोडं सपाट. तोंडात पाच-सहा बोरं, एक-दोन जमिनीवर. हरभऱ्याचे घाटे, उसाचा कर्वा, गाजराचा तुकडा हे दुसऱ्या-तिसऱ्या कार्डात घ्या.

आता जलरंगाचा मूळ नियम. पांढरं म्हणजे कोरा कागद आणि आपण फिक्याकडून गडदाकडे जातो. पारदर्शक पिवळा गडद तपकिरीवर लावला तर दिसतच नाही. म्हणजे सुगडावर हळदीची जी बोटं ओढायची आहेत, त्यांची जागा आधीच कोरी सोडावी लागते. पेन्सिलीनं तिथे दोन-तीन पट्टे आखून ठेवा.

बोरांपासून सुरुवात करा. एका बोरात पातळ पिवळा भरा, वरच्या बाजूला तिळाएवढी जागा कोरी सोडा. तो ओला असतानाच एका कडेला बर्न्ट सिएनाचा नुसता स्पर्श करा. रंग आपणच पसरतो आणि पिकत आलेल्या बोराची ती पिवळी-तांबूस छटा येते. ब्रशनं मिसळायला जाऊ नका. शेजारचं बोर लगेच रंगवू नका, एक सोडून एक घ्या, नाहीतर दोन ओली बोरं एकमेकांत वाहतात.

मग सुगड. बशीत बर्न्ट सिएना चहासारखा पातळ करा, भरपूर करा, कारण मध्येच संपला की दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. पाटाखाली एक वही ठेवून त्याला थोडा उतार द्या. मोठ्या ब्रशनं वरून खाली रंग आणत जा. खालच्या कडेला रंगाचा एक ओला ओघळ साठतो, तो पुढे पुढे न्यायचा. हळदीचे पट्टे चुकवा. पोटाची एक बाजू अजून ओली चकचकीत असताना तिथे घट्ट अल्ट्रामरीन सोडा. निळा आणि सिएना मिळून जो काळसर तपकिरी तयार होतो तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो, कारण त्यात कुठे निळा डोकावतो, कुठे तांबडा.

आणि आता ब्रश खाली ठेवा. नवशिक्यांची निम्म्याहून जास्त कार्डं इथे बिघडलेली मी पाहिली आहेत. रंग ओला असतो, एक जागा खटकते, हात परत जातो. जाऊ देऊ नका. उठून चहा टाका.

वाळलं का हे डोळ्यांनी कळत नाही. बोटांची पाठ कागदाच्या अगदी जवळ न्या किंवा हलकेच टेकवा, गार लागला तर आत ओल आहे. जानेवारीत देशावर किंवा विदर्भात दहा मिनिटांत वाळतं, कोकणात आणि मुंबईत जास्त वेळ लागतो. हेअर ड्रायर वापरायचा तर हातभर अंतरावरून, आणि कागदावरची चकाकी गेल्यावरच. नाहीतर हवेनं रंग भलतीकडे ढकलला जातो.

वाळल्यावर दुसरा थर. सुगडाच्या तोंडाच्या आतला अंधार, बोरांमधल्या फटी आणि जमिनीवरची सावली. सावलीला अल्ट्रामरीनमध्ये किंचित सिएना घालून तो खूप पातळ करा. ती बुडाला चिकटलेली हवी, नाहीतर सुगड हवेत तरंगतं. शेवटी कोऱ्या पट्ट्यांमध्ये पिवळा भरा, त्यांच्या शेजारी क्रिमझनची कुंकवाची बोटं ओढा. गडद रंगावर काही उजळ हवं असेल तर पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये पिवळा कालवून घट्ट लावा, तो अपारदर्शक असल्यानं दिसतो. त्याच पांढऱ्यानं २ नंबरच्या टोकानं तीळ काढा. पूर्ण वाळल्यावरच टेप काढा, कागदाशी तिरकी धरून, सावकाश.

बिघडलं, आता?

सावळाराम हळदणकरांचं, हातातल्या दिव्यावर तळवा आडवा धरलेल्या स्त्रीचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. हळदणकर जन्मानं सावंतवाडीचे, चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात आणि ते जलरंगातलं आहे हे कळल्यावर थक्क होतात. जलरंगात चूक खपत नाही, ही भीती असं काहीतरी पाहूनच मनात बसते. तो ताबा आयुष्यभराच्या साधनेचा होता. आपल्याला कार्ड करायचंय आणि कार्डात चूक खपते. मात्र कोणती चूक कशामुळे झाली हे कळलं पाहिजे, म्हणजे तिचं काय करायचं तेही कळतं.

सगळ्यात जास्त वेळा होतं ते असं: सपाट रंगाच्या मध्ये फुलासारखी, दातेरी कडेची एक फिकी वर्तुळाकार खूण उमटते. रंग अर्धवट वाळलेला असताना जास्तीचं पाणी तिथे शिरलं की ते रंगाचे कण ढकलत बाहेर नेतं आणि जिथे थांबतं तिथे कड तयार होते. ती पुसायला गेलात की दुसरी होते. सुगडावर अशी खूण पडली तर तशीच ठेवा, भट्टीत भाजताना मडक्यावर उमटतात तशाच त्या दिसतात. मला तर त्या इतक्या आवडल्या की आता मी ओल्या रंगावर मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडते. याच घराण्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे खडेमीठ. ओल्या रंगावर चार खडे टाका, पूर्ण वाळल्यावर झटका. मीठ पाणी आणि रंग ओढून घेतं आणि प्रत्येक खड्याभोवती चांदणीसारखी पांढुरकी नक्षी राहते. अल्ट्रामरीन आणि सिएनाच्या गडद पार्श्वभूमीवर हे केलं तर चंद्रकळेवरच्या ठिपक्यांसारखं दिसतं. हलव्याचे दाणे काढताना केलं तर त्यावरचा काटाच उमटतो.

बोराचा रंग सुगडात वाहिला? पुसू नका. वाळू द्या. खऱ्या भांड्यावरही शेजारच्या फळाच्या रंगाची झाक पडते, ती तशी वाटते की नाही ते पाहा. बहुतेक वेळा वाटते.

कोऱ्या जागेवर रंगाचा थेंब पडला तर सुती कापड लगेच सरळ वरून दाबा आणि उचला. घासलंत तर थेंबाचा पट्टा होईल. वाळून गेला असेल तर स्वच्छ ओल्या ब्रशनं त्या जागी हलके चोळून कापडानं टिपा. इथे रंगारंगांत फरक आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी निघतात. क्रिमझन कागदाला धरून बसतो, प्रशियन ब्ल्यूही तसाच. त्यांच्या मागे लागून कागदाची लव काढू नका. त्या डागाचा तीळ करा, जमिनीवर सांडलेलं बोर करा, वर असेल तर दूरचा पतंग करा. एकच डाग असेल तर तो चूक वाटतो, म्हणून त्याच्या आसपास आणखी दोन-तीन तशाच गोष्टी काढा. चित्रात त्या मुद्दाम सांडल्यासारख्या होतात.

सगळ्याच चुका जपण्यासारख्या असतात, असं मात्र मी म्हणणार नाही. पिवळा, क्रिमझन आणि निळा एकत्र फार ढवळले की गढूळ, मेलेला रंग होतो. त्याच्यावर काहीही लावलं तरी तो वर येतो. घासून घासून कागद फाटायला आला असेल तर तेही वाचत नाही. अशा वेळी खिडकीचा उपाय करा. रद्दी पुठ्ठ्याचे काटकोनाच्या आकाराचे दोन तुकडे कापा, ते समोरासमोर ठेवून चौकट तयार होते. ती बिघडलेल्या चित्रावर फिरवा, लहानमोठी करा. कुठेतरी ६ गुणिले ८ सेंटिमीटरचा एक तुकडा सापडतो, नुसती दोन बोरं आणि सुगडाची कड, जो अख्ख्या चित्रापेक्षा चांगला असतो. तो कापून कोऱ्या कार्डाच्या मधोमध चिकटवा. गेल्या संक्रांतीला मी पाठवलेल्या कार्डांमधलं माझं सगळ्यात आवडतं कार्ड असंच झालं होतं. मूळ चित्रात सुगड लिंबासारखं लांबट झालं होतं. तुकड्यात ते कुणाला कळलंही नाही.

कागद वळला असेल तर चित्राच्या पाठीवर ओलसर कापड हलकेच फिरवा, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि वर शब्दकोशासारखी जड पुस्तकं रचून रात्रभर राहू द्या. सकाळी सपाट होतो.

अक्षरं

अक्षरांची चूक सगळ्यात जास्त बोचते, कारण शाई निघत नाही. आधी कच्च्या कागदावर लिहून जागा मोजा. आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासा: ‘तिळगूळ’ लिहिताना गू दीर्घ, ‘तिळगुळाचा’ म्हणताना तो ऱ्हस्व होतो. मी एकदा दहा कार्डांवर ऱ्हस्व लिहून बसले होते. मग हातकागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर नव्यानं लिहिलं आणि चुकलेल्या ओळीवर चिकटवल्या. आता चूक नसली तरी पट्टीच लावते, कारण रंगवलेल्या खरबरीत कागदापेक्षा पट्टीवर पेन नीट चालतं.

आत मात्र छापील ओळ लिहू नका. ज्याला पाठवताय त्याच्याशी दोन वाक्यं बोला. मावशीला लिहिताना तिच्या गुळाच्या पोळ्या आठवल्या तर तेच लिहा.

पाकीट आणि पोस्ट

३०० जीएसएमच्या ए-फाइव्ह तुकड्याचं वजन साधारण साडेनऊ ग्रॅम भरतं. पाकीट चार-पाच ग्रॅमचं. म्हणजे पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात हलव्याच्या चार-पाच दाण्यांना जागा उरते. चित्र वेगळं चिकटवलं असेल तर आणखी साडेतीन ग्रॅम धरा आणि हलवा मोजून टाका. दाणे बटर पेपरच्या चपट्या पुडीत बांधा आणि पुडी चित्रावर दाबली जाणार नाही अशी आतल्या कोऱ्या बाजूला चिकटवा. तिळाची वडी किंवा लाडवाचा चुरा टाकू नका, तेलाचा डाग चित्रापर्यंत येतो. पत्ता बॉलपेननं लिहा, जेल पेनची शाई ओल्या हातानं पसरते.

परदेशी, विशेषतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पाठवणार असाल तर तीळ-हलवा टाकूच नका. तिथे बियाणं आणि खाण्याच्या वस्तूंची कडक तपासणी होते, पाकीट अडकू शकतं. त्यांच्यासाठी मिठानं काटा उमटवलेला हलवा कार्डावरच रंगवा, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पोस्टात टाका. देशातल्या देशात जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आत टाकलं तर संक्रांतीला पोचायची काळजी नाही.

आणि सुरुवातीला वाया घालवलेला तो कागद टाकला नसेल अशी आशा आहे. त्याच्या ४ गुणिले ६ सेंटिमीटरच्या चिठ्ठ्या कापा, एका कोपऱ्यात भोक पाडा, लाल दोरा ओवा. हळदीकुंकवाला लुटायच्या वाणाला त्या बांधता येतात.